छकड्याच्या मागचा माणूस

मनकर्णा खेरडेला राग येतो, हे खडकझिऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. ती आदळआपट करत नाही. उलट राग आला की तिचा आवाज खाली जातो, आणि ती समोरच्याला एकच प्रश्न विचारते. उत्तर मिळेपर्यंत तोच विचारत राहते. गावातल्या पुरुषांना याचीच धास्ती जास्त. ओरडणाऱ्या बाईचं डोकं फिरलं म्हणून मोकळं होता येतं. प्रश्न विचारणाऱ्या बाईचं काय करायचं?

गेलं वर्षभर तिचा प्रश्न एकच होता. छकड्यावर मागं माणूस कायले?

खडकझिरा हे वरूडच्या बाजूचं, संत्र्याच्या बागांच्या मधोमध बसलेलं गाव. आंबिया बहाराची तोड आटोपली की वेशीबाहेरच्या मैदानावर शंकरपट भरतो. दोन बैलांची जोडी, त्यांच्यामागे बाभळीच्या लाकडाचा हलका छकडा, आणि छकड्यावर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. मैदान सरळ. सुरुवातीला एक सुताची दोरी, शेवटी दुसरी. पहिली तुटली की विजेचं घड्याळ सुरू होतं, दुसरी तुटली की थांबतं. सगळा खेळ सात-आठ सेकंदांचा. पण त्या सात-आठ सेकंदांवर लोक वर्षभर बोलतात. कोणाच्या पोरीच्या लग्नाची तारीख विसरतील, कोणत्या जोडीनं किती वेळ घेतला हे विसरणार नाहीत.

मनकर्णाचं माहेर तेल्हाऱ्याकडचं. तिचा बाप पटाचे बैल तयार करायचा. लहानपणी ती बापाच्या मांडीत बसून छकड्यावर पळालेली. पुढे पटावर बंदी आली, तिचं लग्न झालं, आणि बापाचे गुडघे गेले. बंदीतच त्यानं दोन गोऱ्हे ट्रकात घालून लेकीच्या दारात उतरवले. "पळवाले नाई, सांभाळाले ठेव," म्हणाला. तेच वजीर आणि बादल. मनकर्णानं त्यांना सांभाळलं, आणि बापाचं अर्धंच ऐकून पहाटे मोकळ्या वावरात पळवलंसुद्धा. वजीर सुटताना डावीकडे ओढतो, बादल आवाजाला बिचकतो, पण मनकर्णाच्या आवाजाला नाही. हे सगळं तिला ठाऊक होतं. बंदी उठली तेव्हा जोडी तयार होती. मग पटात कासरा कोणाच्या हातात गेला? तिच्या दिराच्या, गोवर्धनच्या. लोक आता त्या जोडीला गोवर्धनची जोडी म्हणतात. तिथून या रागाची सुरुवात.

मग पटाच्या समितीनं बायांचा पट सुरू केला. पेपरात फोटो आला, समितीचे अध्यक्ष चंद्रभान वानखडे यांनी भाषणात स्त्रीशक्ती असा शब्द तीनदा वापरला, आणि त्याच दमात माइकवरून नियम सांगितला. महिला धुरकरीच्या छकड्यावर मागच्या फळीवर एक पुरुष मदतनीस उभा राहील. सुरक्षेसाठी.

मनकर्णाच्या मागे गोवर्धन उभा राहिला. गोवर्धन हा भरल्या अंगाचा, संत्र्याच्या चार पेट्या एकावर एक ठेवल्या तर तेवढा उंच आणि त्याहून जड माणूस. मनकर्णाची जोडी सव्वाआठ सेकंदांत आली. दुसऱ्या दिवशी खुल्या गटात, म्हणजे पुरुषांच्यात, त्याच मैदानावर तीच जोडी एकट्या गोवर्धननं पळवली. पावणेआठ.

संध्याकाळी पारावर चंद्रभानभाऊ अगदी सहज बोलल्यासारखं बोलले. "जोडी तेच, मैदान तेच, घड्याळ तेच. बदललं काय? धुरकरी! मी काही बोलत नाई बुवा. घड्याळच बोलून राहिलं."

सगळे हसले. मनकर्णा तिथूनच कडबा घेऊन चालली होती. ती थांबली.

"भाऊ, माह्या मागं जो उभा होता, थो कोण मोजन?"

"अवं, थो तं तुह्या रक्षणाले होता."

"रक्षणाले वजन नसते काय?"

पुन्हा हसू उठलं, पण या वेळी जरा पातळ. चंद्रभानभाऊंना ते आवडलं नाही. म्हणाले, "असं कर. पुढच्या साली आठ सेकंदाच्या आत ये. आली तं शेवटच्या दिवशी खुल्या गटात उतर, माणसाइच्या बरोबरीनं. कोण अडवते तुले?"

"मागं माणूस न ठेवता?"

"नियम म्हंजे नियम."

इतकं मोठं मन त्यांनी कशाच्या जोरावर दाखवलं, ते कोणालाही कळावं. मागे माणूस उभा असताना एकाही बाईची जोडी आठच्या आत आलेली नव्हती.

वर्षभर मनकर्णानं ऐकून घेतलं. वरूडच्या पॅकिंगच्या शेडमध्ये, जिथं ती हंगामात पेट्या भरून ट्रकवर दोरानं आवळायचं काम करते, तिथल्या बायाही म्हणायच्या, "जाऊ दे ना मनकर्णा, बैलाइले तरी बाईचा हात समजतच असन." तिला सगळ्यात जास्त राग आला तो या वाक्याचा. पुरुष बोलले तर त्यांचं काही राखायचं असतं म्हणून बोलतात. बायांना काय मिळतं?

तिला मनात कुठंतरी पक्कं माहीत होतं की यात तिचा दोष नाही. पण ते सांगायला शब्द नव्हते. ते सापडले घरातच. तिची मुलगी आकांक्षा नववीला. एका सकाळी ती ओसरीवर येरझारा घालत गतीच्या नियमांचा धडा पाठ करत होती. बल तेवढंच ठेवून वस्तुमान वाढवलं तर त्वरण कमी होतं. बल तेवढंच ठेवून वस्तुमान वाढवलं तर. मनकर्णा पोळी तव्यावर ठेवून विसरली.

हा धडा तिनंही शाळेत पाठ केला होता. तिच्या वेळी त्यात एक ठोकळा होता आणि एक गुळगुळीत टेबल. तो ठोकळा कोण ढकलतं, कशाला ढकलतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आता तिला दिसला तो ठोकळा. पांढरा सदरा घातलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला, मागच्या फळीवर उभा.

बैल जोर लावतात तो जमिनीला खूर रोवून, आणि त्या जोरानं त्यांना स्वतःलाही पुढं न्यायचं असतं, छकड्यालाही आणि वर बसलेल्यालाही. जोर काही नियम वाचून वाढत नाही. वजीर आणि बादलच्या अंगात जेवढा आहे तेवढाच आहे. वर एक भरला माणूस चढवला की तोच जोर जास्त वजनावर वाटला जातो, आणि वेग धरायला उशीर होतो. लांबच्या शर्यतीत हा उशीर कदाचित पोटात घेता आला असता. पण पटात धाव सुरू होते आणि संपते, एवढ्यातच सगळं असतं. जोडी पूर्ण वेगाला येईपर्यंत अर्धं मैदान मागं गेलेलं असतं.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. छकड्याला चाकं दोनच. माणूस चाकांच्या मागच्या फळीवर उभा राहिला की छकडा मागं उलाळ होतो, पुढचं जू वर उचललं जातं, आणि बैलांच्या गळ्यातला पट्टा खालून आवळला जातो. म्हणजे बायांच्या पटात बैलांनी जास्त वजन ओढायचं, तेही गळा आवळून घेऊन. आणि घड्याळात उशीर दिसला की म्हणायचं, बाईचा हात.

हे उमगलं त्या दिवशी तिला रडू आलं नाही, आनंदही झाला नाही. नुसता संताप झाला. कारण हे तर नववीच्या पुस्तकात होतं! गावात नववी पास झालेली शंभर माणसं असतील. आणि घड्याळापाशी बसतात ते इंगोले सर तर हा धडा दर वर्षी शिकवतात.

ती शाळेत गेली. इंगोले सर अकोल्याचे, गावात राहून बरीच वर्षं झालेली, पण बोलणं अजून पुस्तकी. व्हरांड्यात उभं राहूनच तिनं विचारलं.

"सर, बल तेवढंच ठेवलं अन् वस्तुमान वाढवलं, तं त्वरणाचं काय होते?"

"कमी होतं," सर म्हणाले, आणि मग ही कोण विचारते आहे हे पाहून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मंग हे पटात माइकवर सांगा. तुमी घड्याळावर बसता. तुमचं ऐकतीन."

"मनकर्णाबाई, तत्त्वतः तुमचं बरोबर आहे. पण ते आदर्श परिस्थितीत. मैदानावर बऱ्याच गोष्टी असतात."

"म्हंजे परीक्षेत आदर्श परिस्थिती, अन् पटात चंद्रभानभाऊची परिस्थिती?"

सर हसले. त्यांना वाटलं, ती विनोद करते आहे. तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू मावळलं. "समितीच्या बैठकीत विज्ञान चालत नाही हो," ते हळूच म्हणाले. "आणि मला इथंच नोकरी करायची आहे. शाळेच्या संस्थेवरही भाऊच आहेत."

ती परत आली. चंद्रभानभाऊंवर तिचा राग होताच. पण त्या दिवसापासून इंगोले सरांवरचा राग त्याच्याही पुढं गेला. भाऊंना कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. सरांना कळत होतं, आणि ते कळणं त्यांनी चष्म्यासारखं पुसून खिशात ठेवलं होतं.

समितीकडे ती दोनदा जाऊन आली. एकदा चहा मिळाला, एकदा तोही नाही.

यंदाच्या पटात बायांच्या दिवशी मैदान नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. अमरावतीहून माइकवाला बंडू आलेला. बंडूचा आवाज सगळ्या पटांत ओळखला जातो. धाव संपली की घड्याळाच्या पाटीवर आकडा उमटायचा आत तो आकडा बंडूच्या तोंडून निघालेला असतो. सकाळपासून त्यानं कितीतरी आकडे पुकारले होते. बायांच्या सगळ्या धावा आठच्या वर. प्रत्येक आकड्यानंतर चंद्रभानभाऊ मांडवात बसल्या बसल्या शेजारच्या पाहुण्याकडे पाहून मान हलवायचे, जणू काही वाईट झालं पण त्यांना ते आधीच माहीत होतं.

मनकर्णाची पाळी आली. तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, कासरा हाताला गुंडाळला आणि पुढं बसली. मागे गोवर्धन चढला. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर नवा कोरा दुपट्टा. छकडा मागं कलला. वजीरनं मान झटकली, पट्टा गळ्याला लागला होता.

मागच्या माणसाला धरायला फळीच्या पुढं एक आडवा दांडा असतो. तो सोडून गोवर्धननं एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दुपट्टा हवेत फिरवायला सुरुवात केली. गर्दीतून शिट्ट्या आल्या.

"भाऊजी, दांडा धरा," मनकर्णा मागं न पाहता म्हणाली.

"मले शिकवून राहिली काय वयनी? मी धुरकरी हावो."

"धुरकरी सामोर बसते. मागच्यानं धराव लागते. दांडा धरा."

"बाईच्या छकड्यावर दोन हातानं धरून उभा राहू काय? लोकं काय म्हणतीन?"

तिनं पुन्हा सांगितलं नाही. पॅकिंगच्या शेडमध्ये ती दोर न आवळता एकही ट्रक जाऊ देत नाही. वरची पेटी मोकळी राहिली आणि ड्रायव्हरनं गाडी झटक्यात काढली की ती पेटी मागं रस्त्यावर येते, हे तिथल्या नव्या पोरीलाही पहिल्या दिवशी सांगावं लागतं. संत्र्याच्या पेटीला सांगितलेलं कळत नाही म्हणून दोर बांधायचा. माणसाला सांगितलेलं कळतं, असं समजायला हरकत नव्हती.

बैलांची तोंडं धरून उभ्या असलेल्या दोघांनी हात सोडले. मनकर्णानं आवाज दिला. पहाटेच्या मोकळ्या वावरात द्यायची तोच, पोटातून आलेला, पण त्यात या वेळी सगळं वर्ष होतं. वजीर आणि बादल एकाच क्षणी जमिनीत खूर रोवून पुढं उसळले.

नंतर गावभर लोक सांगत होते की गोवर्धन मागं फेकला गेला. त्याला कोणी फेकलं नाही. छकडा पुढं गेला, आणि गोवर्धन होता तिथंच राहिला. पायाखालची फळी निघाली म्हणून पाय फळीसोबत निघाले. बाकीचा गोवर्धन जागेवर होता. हात दांड्याला असता तर दांड्यानं त्याला सोबत ओढून नेलं असतं. पण हातात दुपट्टा होता, आणि दुपट्टा कशालाच बांधलेला नव्हता. क्षणभर तो हवेत आडवा दिसला, आणि मग नांगरून मऊ केलेल्या मातीत बसला. बसला म्हणजे खरंच बसला. पाय समोर लांब, चष्मा नाकावर तसाच, आणि हात अजून वर.

मनकर्णानं हे पाहिलं नाही. तिला एवढंच जाणवलं की छकडा एकदम सरळ झाला, जू खाली आलं, आणि बैलांच्या माना मोकळ्या झाल्या. कासऱ्यातून ते सरळ तिच्या मनगटात आलं. वजीर डावीकडे ओढणार हे तिला माहीत होतं, तिनं उजवा कासरा आधीच आवळलेला होता. वारा कानांत शिरला. दुसरी दोरी तिच्या समोरच तुटली.

"सात सेकंद, अडुसष्ट!" बंडूचा आवाज मैदानभर गेला. "सात अडुसष्ट! खेरड्याइच्या घरची वजीर-बादल! धुरकरी मनकर्णाबाई! वाजवा टाळ्या!"

त्याला कोणी सांगितलं नव्हतं बोल म्हणून. पण थांब म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून आकडा दिसला की तोंड चालू होत होतं, ते आताही चालू झालं. चंद्रभानभाऊ खुर्चीवरून उठून माइकपाशी येईपर्यंत आकडा मैदानाच्या पार पलीकडे, संत्र्याच्या बागेपर्यंत पोहोचला होता.

भाऊंनी माइक हातात घेतला. "धाव बाद! मदतनीस छकड्यावर नव्हता. धाव बाद धरण्यात येत आहे."

मनकर्णा बैलांना फिरवून परत आणत होती. तिनं कासरा जवळच्या माणसाच्या हातात दिला आणि चालत मांडवापाशी आली. काष्ट्यावर धूळ, कपाळावर घामाच्या रेघा. आवाज एकदम खाली.

"भाऊ, छकड्यावर मागं माणूस कायले?"

"सुरक्षेसाठी! किती बार सांगू?"

"कोणाच्या सुरक्षेसाठी? पडला तं थो. मी तं बसूनच होती."

माइक चालूच होता. हे वाक्यही संत्र्याच्या बागेपर्यंत गेलं. आधी बायांच्या बाजूला हसू फुटलं, मग पोट्ट्यांच्या, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. भाऊंनी माइकचं बटण शोधलं. ते सापडेना.

"तुले हासू येऊन राहिलं काय?" ते ओरडले.

"मले नाई," मनकर्णा म्हणाली. तिच्या तोंडावर हसण्याची रेघसुद्धा नव्हती. "मले राग येऊन राहिला. गेल्या साली याच मैदानावर मी सव्वाआठमध्ये आली. तुमी म्हणले बाईचा हात. आता हात तोच हाय. मागचा माणूस उतरला, अन् अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ कमी झाला. आता सांगा, थो वेळ कोणाचा होता? माहा का त्याचा?"

"नियम म्हंजे नियम. पुढची जोडी घ्या!"

पुढची जोडी कौशल्याची होती. ती मनकर्णाच्या माहेराकडची, तेल्हाऱ्याजवळची, पहिल्यांदाच पटात उतरलेली. तिच्यामागे तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ उभा राहणार होता. तो आत्ता इथं होता. आता नव्हता.

"आताच तं होता," कौशल्या म्हणाली.

"लघवीले गेला," कोणीतरी बोललं.

तो आलाच नाही. बंडूनं माइकवर पुकारलं, "मदतनीस पाहिजे! महिला धुरकरीसाठी मदतनीस पाहिजे!" शेकडो पुरुष उभे होते. ज्यानं त्यानं आपल्या हातातल्या फोनकडे पाहिलं. त्या सगळ्या फोनांवर एकच चित्रफीत फिरत होती. गोवर्धन हवेत, गोवर्धन मातीत. कोणीतरी ती उलटीही करून टाकली होती, त्यात तो मातीतून उठून छकड्यावर जाऊन उभा राहायचा, दुपट्ट्यासकट.

"दांडा धरून उभं राहा ना कोणी!" समितीतला एक जण म्हणाला.

"दांडा धरला तं भेला म्हणतीन, नाई धरला तं पडन," गर्दीतून उत्तर आलं. "भाऊ, तुमीच बसा ना!"

चंद्रभानभाऊंनी न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र होतं आणि माती काळी.

उन्हं चढत होती, बैल तापत होते, बाहेरगावचे लोक कुरकुर करायला लागले होते. शेवटी कौशल्या एकटीच पळाली. साडेसातच्या जरा वर. बंडूनं पुकारलं, पण या वेळी आधी भाऊंकडे पाहून. तिच्यानंतरची बाईही एकटीच पळाली.

आता समितीपुढं पेच होता. या दोघींच्या धावा धरायच्या तर मनकर्णाची बाद कशी? इंगोले सर घड्याळाच्या टेबलावरून उठून भाऊंच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. आवाज तेवढाच ठेवला होता. थोड्या वेळानं बंडूनं पुकारलं की तांत्रिक कारणानं यंदापुरता मदतनीसाचा नियम स्थगित, आणि आठच्या आतल्या सगळ्या जोड्या उद्या खुल्या गटात.

टाळ्या पडल्या. बायांनी मनकर्णाला घेरलं. ती त्यांच्यातून वाट काढत बैलांकडे गेली आणि वजीरच्या गळ्याखाली हात घालून पट्ट्याचा वळ चाचपू लागली.

इंगोले सर मागून आले. चेहरा फुललेला. "बघा मनकर्णाबाई, मी म्हणालो होतो ना? विज्ञानाचा नियम कुठं जात नाही."

"नियम कोठी गेला नाई सर," ती वळ चोळत म्हणाली. "तुमी गेले होते."

घरी गोवर्धन पालथा पडला होता आणि सासू पार्बताबाई गरम विटेनं त्याची कंबर शेकत होती. मनकर्णा आत येताच म्हातारी म्हणाली, "कंबर मोडली वं माह्या लेकराची!" मग वीट फडक्यात नीट गुंडाळत त्याच्याकडेच पाहून म्हणाली, "येवढा रेड्यावानी माणूस, अन् एक दांडा धरवला नाई तुले?"

"आई, तू शेक," गोवर्धन उशीत तोंड घालून म्हणाला.

मनकर्णाच्या नवऱ्याचा, श्यामचा, फोन आला. तो संत्र्याचा ट्रक घेऊन उत्तरेकडं गेलेला, चित्रफीत तिथंही पोहोचली होती. "जितली ना वं!" तो ओरडलाच.

"कोठी जितली?" मनकर्णा म्हणाली. "एक वर्ष मी सांगून राहिली, बैलाचा गळा आवळते, वजन वाढते, हिशेब चुकीचा हाय. कोणी ऐकलं नाई. अन् आज एकाले लोकं हासले, तं बाकीचे भेले, म्हणून नियम गेला. नियम चुकीचा होता म्हणून नाई गेला. याले जितणं म्हणतात काय?"

श्यामच्या बाजूनं ट्रकचा हॉर्न ऐकू आला. "उद्या पळवशीन ना पण?"

"पळवतो नाई तं काय. यंदापुरताच म्हणले ते. पुढच्या साली पुन्हा आणतीन माणूस."

तिचं पाणी प्यायचं राहून गेलं होतं. ते प्यायली, आणि वैरण टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी खुल्या गटात तिचं नाव बंडूनं पुकारलं तेव्हा मैदानात कुजबुज झाली. ती छकड्यावर बसली. मागची फळी रिकामी होती, छकडा सरळ होता. आता अडचण वेगळीच आली. वजीरचं तोंड धरायला कोणी धजेना. गळ्यावरच्या कालच्या वळामुळे तो आज ओळखीशिवाय कोणाला हात लावू देत नव्हता, आणि ओळखीचे दोघंच, मनकर्णा आणि गोवर्धन.

गर्दी बाजूला झाली. गोवर्धन आला. कमरेला पट्टा, चाल वाकडी, खांद्यावर दुपट्टा नाही. कोणीतरी शिट्टी वाजवली, कोणीतरी "दांडा धर बे!" म्हणून ओरडलं. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो थांबला नाही. वजीरच्या तोंडाशी येऊन त्यानं वेसण धरली. मग, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, वर पाहून म्हणाला, "वयनी, धरून बसजो. सुटताना लय झटका देते."

मनकर्णानं त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती, तिच्या बापाला तिच्या जन्माआधीपासून माहीत होती, आणि त्याला काल मातीत बसल्यावर कळली होती. राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं. तिनं कासरा मनगटाला गुंडाळला, दोन्ही पाय फळीला टेकवले.

"मी धरूनच बसली हावो, भाऊजी," ती म्हणाली. "आता तुमी सोडा."